सुपरचार्जर, पाणी आणि ठिणगीची वेळ: एमएक्स-५ ट्यून करताना

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. पाण्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. चालू नकाशात (इसीयू म्हणजे इंजिनाच्या संगणकातला इंधन आणि ठिणगीच्या वेळेचा तक्ता) काहीही न बदलता आत जाणाऱ्या हवेत नुसतं पाणी फवारलंत, तर गाडी कणभर मंदच होईल, कारण पाणी ज्वलनाचा वेग कमी करतं. पाणी देतं ती मोकळीक. नॉकिंगची, म्हणजे मिश्रण स्वतःहून पेटण्याची, भीती मागे सरते आणि ठिणगी योग्य वेळेला, म्हणजे थोडी आधी, टाकता येते. ताकद त्या ठिणगीतून येते. म्हणजेच पाणी बंद पडलं की तीच ठिणगी पिस्टन फोडू शकते. हे डोक्यात पक्कं बसलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो: आधी पाण्याशिवायचा सुरक्षित नकाशा, मग पाण्याची यंत्रणा, मग तिचा पहारा आणि सगळ्यात शेवटी टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात.

मी इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीजवळ राहतो. इथे जुन्या माझदा एमएक्स-५ वर ईटनचा एम४५ सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंप) बसवणारे बरेच आहेत, म्हणून सगळं उदाहरण त्याच गाडीचं घेतो. इंजिन १.८ लिटर, म्हणजे १८३९ सीसी, बोअर ८३ मिमी, स्ट्रोक ८५ मिमी, कॉम्प्रेशन ९:१. बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या वरचा दाब, ०.६ बार, इंटरकूलर (तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नाही, थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी. इसीयू स्वतंत्र, मेगास्क्वर्टसारखा, ज्यात टायमिंग आणि इंधन दोन्ही आपल्या हातात असतं. तुमच्याकडे दुसरी गाडी असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

उष्णता किती, आणि पाणी कुठे काम करतं

एम४५ हा रूट्स जातीचा सुपरचार्जर. तो हवा आत दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. दाब पुढच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, तयार होतो आणि त्यात बरीच मेहनत उष्णतेत जाते. बाहेरची हवा २५ अंश सेल्सिअस, बूस्ट ०.६ बार आणि कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या थोडी वर जाते. अकोल्या-नागपूरच्या उन्हाळ्यातली ४२ अंशांची हवा आत घेतलीत तर हाच आकडा १२० च्या पुढे. इतकी तापलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली गेली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं. तेच नॉकिंग.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २२६० ज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला याच्या निम्मी, पेट्रोलला साधारण सहावा हिस्सा. आपल्या उदाहरणात मिनिटाला ११५ ग्रॅम पाणी आणि सव्वानऊ किलो हवा जाणार आहे. ते सगळं पाणी मॅनिफोल्डमध्येच वाफ झालं, तर हवा जास्तीत जास्त २८ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण तेवढा वेळच मिळत नाही. उरलेले थेंब सिलिंडरमध्ये जाऊन कॉम्प्रेशनच्या वेळी वाफ होतात, आणि नॉकिंगविरुद्धचं खरं काम ते तिथे करतात. म्हणून इनलेट टेंपरेचरचा आकडा फारसा उतरला नाही तर निराश होऊ नका.

ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रॅट अँड व्हिटनीच्या आर-२८०० विमान इंजिनात पाणी-मिथेनॉल जायचं, जर्मनांकडे एमडब्ल्यू ५० नावाचं तसंच मिश्रण होतं. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीत पाणी-मिथेनॉलची टाकी थेट कारखान्यातून यायची, आणि ती टाकी भरायला मालक विसरायचे. हा शेवटचा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणूस टाकी भरायला विसरणारच, हे धरूनच यंत्रणा उभी करावी लागते.

इंजिन आधी निरोगी आहे का

कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. शंका वाटली तर लीक-डाउन टेस्ट. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ इनलेटमध्ये जात असेल तर मध्ये तेल अडवणारा कॅच कॅन बसवा, कारण तेल मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन पडतो आणि तुम्ही टायमिंगला दोष देत बसता.

एमएक्स-५ ची एक खोड लक्षात ठेवा. हे इंजिन मुळात आडवं बसवायला बनवलेलं. गाडीच्या लांबीत बसवताना गरम पाण्याची वाट पुढे आणली गेली, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरभोवती कूलंट कमी फिरतो. नॉकिंग बहुधा तिथूनच सुरू होतं. बूस्टवर चालवायची असेल तर कूलंटची वाट मागून काढण्याचं काम आधी करून घ्या. पैसे थोडे असतील तर मी ते पाण्याच्या किटच्या आधी यावर घालेन.

प्लग एक पायरी थंड लावा: बीकेआर६ई च्या जागी बीकेआर७ई. एनजीकेच्या आकड्यात मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. गॅप १.१ मिमीवरून ०.७ ते ०.७५ वर आणा. बूस्ट आणि पाणी दोन्ही ठिणगीला विझवायला बघतात. आणि इथेच एक सापळा आहे: मिसफायर झाला, म्हणजे मिश्रण पेटलंच नाही, की न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, तिथला वाइडबँड (ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर 'लीन', म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो, माणूस पेट्रोल वाढवतो आणि मिसफायर आणखी बिघडतो. पाणी सुरू केल्यावर अचानक लीन दिसलं तर आधी प्लग आणि कॉइल बघा, इंधनाचा नकाशा नंतर.

ठिणगीचा शून्य तपासणं

टायमिंग मोजतात ते पिस्टन अगदी वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते यावरून. लॅपटॉपवर १० डिग्री दिसतंय म्हणून क्रँकवर १० डिग्री असतंच असं नाही. इसीयूमध्ये टायमिंग १० डिग्रीवर स्थिर करा, पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट लावा आणि पुलीवरची खूण बघा. फरक दिसला तर ट्रिगर ऑफसेट बदला. मग इंजिन ४००० ते ५००० आरपीएमवर न्या आणि खूण जागेवरून सरकते का ते बघा. सरकली तर तोही हिशेब इसीयूत दुरुस्त करावा लागतो, कारण खरं काम त्याच आरपीएमवर होणार आहे.

या इंजिनात वेस्टेड स्पार्क आहे, म्हणजे प्रत्येक प्लग एका चक्रात दोनदा पेटतो. फिरवायचं बटण असलेले टायमिंग लाइट इथे दुप्पट आकडा दाखवू शकतात. बटण शून्यावर ठेवा किंवा साधा लाइट वापरा. पुलीच्या दोन कड्यांमधलं रबर जुनं असेल तर बाहेरचं कडं घसरलेलं असू शकतं. पिस्टन स्टॉपने टॉप डेड सेंटर (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) एकदा स्वतः शोधून पुलीवर पांढऱ्या रंगाने खूण करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढची प्रत्येक डिग्री याच खुणेवर उभी राहणार आहे.

पाण्याशिवायचा नकाशा

हा नकाशा पाणी बंद पडल्यावर इंजिन वाचवणार आहे, म्हणून यात घाई नको. सुरुवातीचा हिशेब असा: बूस्ट नसताना पूर्ण थ्रॉटलला जितकं टायमिंग चालतं, त्यातून प्रत्येक ०.०७ बार बूस्टमागे साधारण १ डिग्री कमी करा. ०.६ बारला ८ ते ९ डिग्री होतात. म्हणजे बूस्टशिवाय ४००० आरपीएमला २२ आणि ६५०० ला २६ डिग्री असेल, तर बूस्टवर १३ आणि १७. त्यातून आणखी ३ डिग्री मागे घ्या आणि १० व १४ पासून सुरुवात करा. हे उत्तर नव्हे, शोधाला सुरुवात करायची जागा आहे.

इंधन लॅम्डा ०.७८ ते ०.८० वर ठेवा. लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा, त्याखाली पेट्रोल जास्त. लॅम्डामध्येच विचार करायची सवय लावा. इथे साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, भारतात आता २० टक्के. एक भाग पेट्रोलला 'चौदा पूर्णांक सात' भाग हवा हा जुना आकडा दोन्हीकडे चुकतो, लॅम्डा मात्र तोच राहतो. इंजेक्टरचाही हिशेब करून घ्या. १९० हॉर्सपॉवर धरली आणि तासाला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे २५० ग्रॅम पेट्रोल, तर मिनिटाला जवळपास ७९० ग्रॅम, म्हणजे १०६० सीसी. एका इंजेक्टरला २६५ सीसी. ८० टक्के ड्यूटीवर (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) थांबायचं तर ३३० सीसीपेक्षा मोठा इंजेक्टर हवा. कंपनीचे मूळ इंजेक्टर इथे पुरत नाहीत, आणि ती कमतरता पाण्याने भरून काढायची नाही.

आता ऐकायचं काम. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला नॉक सेन्सर नव्हता. बसवता येतो, पण सुपरचार्जरची शिट्टी आणि हायड्रॉलिक लिफ्टरची टिकटिक यांच्यातून त्याला नॉक वेगळा काढायला शिकवावं लागतं. ८३ मिमी बोअरला नॉकची मूळ वारंवारता सुमारे ६.९ किलोहर्ट्झ येते, फिल्टर तिथे लावा. तरीही मी कानावर भर देतो. कोल्हापुरात उद्यमनगरातले मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ऐकायचे. इथलं साधन त्याचंच भावंड. तांब्याच्या नळीचा एक तुकडा घ्या, एक टोक हातोडीने चपटं करा, त्यात भोक पाडून ब्लॉकवरच्या बोल्टखाली आवळा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती खिडकीतून आत, आणि कानावर कारखान्यात वापरतात तसे इअरमफ, ज्यांच्या कपाला भोक पाडून नळी घुसवलेली. आधी बूस्टशिवाय अर्धा तास फिरा आणि निरोगी इंजिनाचा आवाज कानात मुरू द्या: खालचा घुमणारा सूर, त्यावर सुपरचार्जरची शिट्टी. नॉक त्यात मिसळत नाही. पत्र्यावर मूठभर ज्वारी टाकावी तसा कोरडा, कडक आवाज येतो. एकदा ऐकला की विसरत नाही. ऐकणारा आणि चालवणारा ही मात्र दोन वेगळी माणसं हवीत, आणि हे काम डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅकवर करायचं, रस्त्यावर नाही.

प्रत्येक वेळी १ डिग्री वाढवा, आवाज येताच थांबा आणि तिथून ३ डिग्री मागे या. उन्हाळ्यातल्या गरम दिवशी, इंजिन चांगलं तापलेलं असताना पुन्हा तपासा. समजा ४००० ला १२ आणि ६५०० ला १५ डिग्रीवर नकाशा शांत राहिला. तो 'कोरडा' नावाने जपून ठेवा.

यंत्रणा: नोझल, व्हॉल्व्ह, टाकी

पाणी किती? पेट्रोलच्या वजनाच्या १२ ते १५ टक्क्यांपासून सुरू करा, २५ च्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही. ७९० ग्रॅमचे १५ टक्के म्हणजे मिनिटाला ११८ सीसी. नोझलवर लिहिलेला आकडा कुठल्या दाबाचा आहे ते बघा. ७ बारला १०० सीसी देणारं नोझल १० बारच्या पंपावर लावलं आणि समोरून ०.६ ते ०.७ बार बूस्ट उलटा दाबतोय, तर उरतो ९.३ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ११५ सीसी. बरोबर बसतं.

आता ती गोष्ट जी सुपरचार्जरवाल्यांना टर्बोवाल्यांचं किट विकत घेतल्यावर नडते. बाजारातले बरेच कंट्रोलर बूस्ट बघून पाणी वाढवतात. टर्बोवर ते बऱ्यापैकी चालतं. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरवरही चालतं, कारण त्याचा बूस्ट आरपीएमच्या वर्गाने चढतो. पण रूट्सवर बूस्ट २५०० आरपीएमलाच जवळपास पूर्ण येतो आणि ६५०० पर्यंत तसाच राहतो. हवा मात्र २.६ पट होते. म्हणजे बूस्टचा काटा पाहून फवारलेलं पाणी ६५०० ला १५ टक्के असेल तर २५०० ला ३९ टक्के होतं. इंजिन गुदमरतं, मिसफायर होतो, मालक नोझल छोटं करतो, आणि मग वर जिथे खरी गरज आहे तिथे पाणी कमी पडतं. रूट्सवर पाणी इंजेक्टरच्या ड्यूटीवर किंवा आरपीएम आणि दाब या दोन्हींच्या तक्त्यावर चालवा.

पंपाचा वेग कमी-जास्त करून प्रवाह बदलणंही मला पटत नाही. वर्गमुळाचा नियम इथेही आहे: प्रवाह निम्मा करायला दाब चौथाईवर आणावा लागतो, आणि तेवढ्या दाबावर धुक्याऐवजी थेंब पडतात. पंप कायम १० बारवर ठेवून पुढे जलद उघडझाप करणारा व्हॉल्व्ह लावणं उत्तम. तेवढं बजेट नसेल तर दोन छोटी नोझल लावा, एक ४० सीसीचं २५०० पासून आणि दुसरं ७५ सीसीचं ४५०० पासून.

नोझल सुपरचार्जरच्या पुढे, हवा चार वाटांना फुटण्याच्या आधी. सुपरचार्जरच्या आधी फवारणारे लोक आहेत, त्याने रोटरमधल्या फटी भरतात असं ते सांगतात. पण रोटरवरच्या लेपाला आणि सेंट्रिफ्युगलच्या पात्यांना थेंबांचा मार बसतो, मी ते करत नाही. इनलेट टेंपरेचर सेन्सर नोझलच्या आधी ठेवा. भिजलेला सेन्सर थंड आकडा दाखवतो आणि इसीयू त्यावर विसंबून नको तितकं टायमिंग वाढवू शकतो.

थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असल्यामुळे नोझलच्या जागी एरवी व्हॅक्यूम असतो. सोलेनॉइड व्हॉल्व्ह नसेल तर गाडी शांत चालत असतानाही पाणी ओढलं जातं. मी पहिल्यांदा नुसता स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह लावला होता, आणि टाकी नोझलपेक्षा एक वीत वर. एका सकाळी बॉनेट उघडलं तर टाकीतली पातळी रात्रीच्या खुणेपेक्षा बरीच खाली. जमिनीवर थेंब नाही, पाईप कोरडे. किल्लीला हात लावला नाही. चारही प्लग काढले आणि मग स्टार्टर मारला. दुसऱ्या सिलिंडरच्या भोकातून पाण्याचा फवारा उडून बॉनेटला आतून लागला. चेक व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा एक कण अडकला होता, बस्स. प्लग लावलेले असताना स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, कारण पाणी दाबलं जात नाही. तेव्हापासून टाकी नोझलच्या खाली आणि नोझलजवळ विद्युत सोलेनॉइड, दोन्ही. बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएसमध्ये इंजिन बंद केल्यावर नळ्यांमधलं पाणी टाकीत परत ओढून घेतलं जातं. त्यामागचं एक कारण मला त्या सकाळी नीट कळलं.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिआयनाइझ्ड. भारतात बॅटरीच्या दुकानात मिळतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नोझलचं भोक क्षाराने बुजवतं आणि प्लगवर पांढरा थर धरतो, ज्यामुळे प्लग वाचता येत नाही. मिथेनॉल आत्ता नको. ते स्वतः इंधन आहे, त्यामुळे पंप बंद पडला तर थंडावा आणि इंधन दोन्ही एकदम जातं. शिवाय ते त्वचेतून अंगात जाणारं विष आहे आणि त्याची ज्वाळा दिवसा डोळ्याला दिसत नाही. इथल्या हिवाळ्यात पाणी गोठतं, तेव्हा मी टाकी रिकामी करतो आणि कोरड्या नकाशावर चालवतो.

गाडीत पाणी पाठवायच्या आधी नोझल मॅनिफोल्डमधून काढून मोजमापाच्या भांड्यात धरा आणि पंप बरोबर ६० सेकंद चालवा. इथे बूस्टचा उलटा दाब नाही, त्यामुळे ११५ ऐवजी ११९-१२० सीसी यायला हवेत. अंधारात टॉर्च मारून फवारा बघा: भरीव शंकूसारखं धुकं हवं. टोकाशी थेंब लोंबकळत असेल तर गाळणी आणि नोझल उघडून साफ करा.

पहारा

टर्बोमध्ये पाणी संपलं तर वेस्टगेट उघडून बूस्ट कमी करता येतो. पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरचा बूस्ट क्रँकला बांधलेला. इसीयूच्या हातात उरतं टायमिंग, इंधन आणि आरपीएमची मर्यादा. म्हणून पहारा झटपट हवा.

टाकीत पातळीचा स्विच ठेवा, पण त्यावर अवलंबून राहू नका. टाकी भरलेली असून नोझल बुजलेलं असू शकतं. खरी खबर नळीत बसवलेला फ्लो सेन्सर देतो. त्याला खालची आणि वरची अशी दोन बंधनं घाला: प्रवाह कमी म्हणजे बुजलं, जास्त म्हणजे नळी फुटली किंवा निसटली. पाणी सुरू झाल्यावर ०.३ सेकंदाची मुभा द्या. त्यानंतरही प्रवाह हद्दीत नसेल तर इसीयूने कोरड्या नकाशावर जावं, इंधन लॅम्डा ०.७८ ला आणावं, ४५०० ला कट लावावा आणि डॅशवर लाल दिवा पेटवावा. वायरिंग असं करा की वायर तुटली तरी अर्थ 'पाणी नाही' असाच निघेल.

मग मुद्दाम बिघाड करा. टायमिंग अजून वाढवलेलं नाही, त्यामुळे धोका नाही. तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या बूस्टवर पंपाचा फ्यूज काढा. नळी चिमटीत धरा. फ्लो सेन्सरची पिन काढा. टाकी रिकामी करून बघा. प्रत्येक वेळी लॉगमध्ये नकाशा बदलल्याची रेष दिसली पाहिजे. चारपैकी एक जरी चुकली तर पुढे जायचं नाही.

आता पाणी, आणि मग डिग्री

पहिली धाव कोरड्याच टायमिंगवर, पाणी सुरू करून. टॉर्क थोडा कमी दिसेल. त्याला भिऊ नका, ज्वलन मंदावल्याची ती खूण आहे आणि टायमिंग पुढे न्यायला जागा झाल्याचं तीच सांगते. इंजिन अडखळत असेल तर त्या आरपीएमवर पाणी कमी करा. एक्झॉस्टचं तापमान आणि लॅम्डा लिहून ठेवा.

मग डायनोवर एका आरपीएमला भार धरून, म्हणजे समजा ४००० ला पूर्ण थ्रॉटल, १२ वरून १३ करा. टॉर्क बघा, कानात ऐका, सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा. समजा पहिल्या डिग्रीने ४ न्यूटन-मीटर दिले, दुसऱ्याने ३, तिसऱ्याने २ आणि पाचव्याने अर्धा. पाचवी परत करा. वरच्या बाजूला टॉर्कची रेष सपाट होत जाते आणि त्या सपाटीवर शेवटची डिग्री फक्त दाब वाढवते. नॉक ऐकू येण्याच्या ३ डिग्री अलीकडे किंवा टॉर्क वाढायचा थांबतो त्याच्या १ डिग्री अलीकडे, जे आधी येईल तिथे थांबा. पाण्यावर चांगल्या ९७-९९ ऑक्टेनच्या पेट्रोलने कोरड्यापेक्षा ४ डिग्री वर जाता आलं, तर काम झालं असं समजा. कोणी ८-१० डिग्री मिळवल्याचं सांगत असेल तर त्याचा कोरडा नकाशाच भित्रा होता.

सगळ्यात जास्त टॉर्क जिथे आहे तो पट्टा सगळ्यात नाजूक. तिथे वेळ घाला. त्याच्या वर आरपीएम वाढेल तसं टायमिंग हळूहळू चढू द्या, दोन शेजारच्या चौकटींत २ डिग्रीपेक्षा मोठी उडी नको. टायमिंग बसलं की लॅम्डा ०.८२ पर्यंत न्या, एकेक पायरीने, प्रत्येक पायरीला ऐकत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदललात तर आवाज कशामुळे आला ते कळणार नाही.

एकाच नोझलमधून चार सिलिंडरला पाणी सारखं जात नाही. हवा वळते, थेंब सरळ जातात. म्हणून शेवटचा निकाल प्लग देतात. नवे प्लग लावा, एक पूर्ण भाराची धाव घ्या, वरच्या आरपीएमवर असतानाच इग्निशन बंद करून क्लच दाबा, गाडी थांबवा आणि प्लग काढा. किल्ली स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवू नका. दहा पट भिंगातून पोर्सेलिन बघा. स्वच्छ, फिकट रंग बरोबर. मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा उजेडात चमकणारे बारीक रुपेरी मणी दिसले, तर ते मणी पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. वरच्या वाकड्या पट्टीवर रंग बदलल्याची एक रेघ दिसते. ती वळणाच्या मध्यावर हवी. टोकाजवळ असेल तर टायमिंग कमी, बुंध्याकडे सरकली असेल तर जास्त. चारही प्लग क्रमाने टेबलावर मांडा. तीन स्वच्छ आणि चौथ्यावर मणी असतील तर तीन जणांचं बहुमत चालत नाही. इसीयू सिलिंडरवार टायमिंग देत असेल तर चौथ्याचे २ डिग्री काढा, नसेल तर सगळ्यांचे काढा, किंवा नोझल मागच्या बाजूला सरकवा.

भारतात हे करणाऱ्यांसाठी

तिकडे कारखान्यातून सुपरचार्जर लागून आलेली ओळखीची गाडी म्हणजे मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर. तिला इंटरकूलर आणि नॉक सेन्सर दोन्ही आहेत आणि तिचा इसीयू स्वतःच टायमिंग मागे घेतो. अशा गाडीवर पाण्याचा पहिला फायदा म्हणजे उन्हाळ्यात इसीयूने काढून घेतलेल्या डिग्री परत मिळणं. लॉगमध्ये दुपारी किती डिग्री मागे घेतल्या जातात ते आधी बघा. तो आकडाच लहान असेल तर किटचा खर्च वाया आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रण थंडाव्याचं थोडं काम आधीच करतं. गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि दोन्ही देशांत विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

रोजच्या वापरात दोन सवयी लावा. बंद करण्याआधी शेवटची पाचेक मिनिटं बूस्टशिवाय चालवा, म्हणजे आतला ओलावा उडून जातो. आणि ऑइल फिलर कॅपच्या आतून बोट फिरवा. दुधाळ थर लागला तर पाणी जास्त होतंय किंवा गाडी गरम व्हायच्या आत बंद होतेय. दर महिन्याला फ्यूज काढायची चाचणी आणि दर सहा महिन्यांनी ६० सेकंदांची भांड्यातली चाचणी. माझ्या गाडीच्या पेट्रोल झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने एकच शब्द लिहून ठेवलाय, 'पाणी', म्हणजे पंपावर उभं असताना टाकीची आठवण होते.